फल गुणिले इच्छा, भागिले महापे

सोमवारी सकाळी नवी मुंबईतल्या महापेच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत शिरावं आणि मीटिंगच्या खोलीत डोकवावं. पांढऱ्या फळ्यावर चार आकडे आणि त्यांच्यावरून गेलेली एक भलीमोठी फुली दिसेल. ही मास्तरांनी चुकीला मारलेली फुली नव्हे. ती असती तर बरं झालं असतं. हा तिरकस गुणाकार आहे. चार माणसांचं सहा महिन्यांचं काम गिऱ्हाइकाला लवकर हवं आहे आणि मार्कर साहेबांच्या हातात आहे. "बारा माणसं लावली तर?" साहेब विचारतात. "दोन महिने, सर." "चोवीस?" "एक महिना." "अठ्ठेचाळीस?" "पंधरा दिवस, सर." इथे खोलीत चैतन्य पसरतं. कोपऱ्यातला एखादा उत्साही जीव मोबाइलवर हिशेब करून सांगतो की ७२० माणसं मिळाली तर काम एका दिवसात उरकेल, आणि त्याच्या दुप्पट मिळाली तर जेवणाच्या सुट्टीआधीच. एवढी माणसं बसणार कुठे, असं एखादी नवी मुलगी विचारते, तेव्हा सगळे तिच्याकडे लग्नाच्या पंगतीत भाव विचारणाऱ्याकडे बघावं तसे बघतात. गणित सुटलेलं असताना खुर्च्यांचा विषय काढणं चांगल्या घरातल्या माणसाला शोभत नाही. पुढे सहा महिन्यांनी फळ्यावर तेच काम असतं, माणसं बारा असतात आणि साहेब म्हणतात, "आता हे चोवीस जणांत विभागू या."

यात तिरकस गुणाकाराची चूक काहीच नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. चार सख चोवीस हे महापेतही चोवीसच होतात. चूक त्याच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव म्हणजे त्याचा गुणच आहे: तो प्रश्न विचारत नाही. तीन आकडे द्या, चौथा घेऊन येतो. ते माणसांचे आहेत की मोसंब्यांचे, याची चौकशी करणं त्याच्या कामात बसत नाही. शाळेत त्याला तिरकस गुणाकार म्हणतात. त्याचं जुनं, घरातलं नाव त्रैराशिक. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात ते आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त तर त्याची अशी थोरवी सांगितली आहे की नारायणाने जसं सारं विश्व व्यापलं तसं त्रैराशिकाने सारं अंकगणित व्यापलं आहे. भास्कराचार्य सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथला १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या लेखाच्या जुन्या मराठीतल्या शेवटच्या भागात बाजारातल्या मालावरचं काही उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे त्रैराशिक शिकवण्याचा खर्चसुद्धा त्रैराशिकानेच वसूल होत होता. विद्येला इतका रोखठोक आधार पुन्हा क्वचितच मिळाला असेल.

आता त्या जुन्या मंडळींनी तीन राशींना दिलेली नावं बघावीत, कारण सगळी गोम तिथे आहे. पाच आंब्यांना शंभर रुपये, तर बारा आंब्यांना किती? यातले पाच आंबे हे 'प्रमाण', शंभर रुपये हे 'फल', आणि बारा आंबे ही 'इच्छा'. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. जे येईल ते 'इच्छाफल'. एवढं प्रामाणिक नामकरण जगात दुसऱ्या कुठल्या गणितात झालं असेल असं वाटत नाही. आपण ज्याला उत्तर म्हणतो त्याला या लोकांनी सरळ इच्छेचं फळ म्हटलं. शिवाय 'प्रमाण' या शब्दाचा आपल्याकडे दुसरा अर्थ आहे पुरावा. हे सूत्र नीट वाचलं तर असं सांगतं: इच्छेने खुशाल गुणा, पण शेवटी पुराव्याने भागा. माणसाचा घोटाळा इथेच होतो. गुणाकार त्याला आवडतो, कारण त्याने वाढतं. भागाकार आवडत नाही, कारण तो वाटणीच्या वेळी येतो. म्हणून तो फल आणि इच्छा यांचा गुणाकार मन लावून करतो आणि प्रमाणापाशी आला की घाईने एखादा आकडा टाकून मोकळा होतो. या लेखाचं म्हणणं इतकंच आहे. ते एका वाक्यात संपलं असतं; पण एका वाक्याला एक वाचक मिळत असेल तर शंभर वाक्यांना शंभर मिळतील, या हिशेबाने ते लांबवलं आहे.

भास्कराचार्यांचंच एक उदाहरण घ्या. अडीच पल केशर तीन सप्तमांश निष्काला मिळतं (पल हे जुनं वजन, निष्क हे जुनं नाणं), तर नऊ निष्कांना किती मिळेल, हे एका थोर व्यापाऱ्याला विचारलं आहे. उत्तर साडेबावन्न पल. गणित निर्दोष आहे. पण हा प्रश्न महापेपासून जवळच असलेल्या तुर्भ्याच्या एपीएमसीत, मसाला बाजारात नेऊन विचारा. सप्तमांश वगैरे ऐकून घेण्याइतका वेळ कोणाला असेल तर तो व्यापारी म्हणेल, "चिमूटभर घेतलंत तर हा भाव. साडेबावन्न पल घेणार असाल तर बसा, चहा घ्या, भाव वेगळा लावू." मोठ्या खरेदीला भाव उतरतो, एवढ्या एका गोष्टीवर घाऊक बाजार नावाची अख्खी वस्ती उभी आहे. त्रैराशिक खरं असतं तर गोणी आणि पाव किलो यांत फरक राहिला नसता, आणि महिन्याचं सामान एकदम भरल्याचं श्रेय घेणाऱ्या लाखो गृहस्थांना बोलायला विषय उरला नसता. भास्कराचार्यांना हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी इच्छा वाढली की फल घटतं अशा ठिकाणी 'व्यस्त त्रैराशिक' वापरा, असा वेगळा नियमच सांगून ठेवला. पाच, सात, नऊ, अकरा राशींचे नियम निराळे दिले. बाटलीवर सूचना नीट चिकटवलेली होती. आपण औषध ठेवलं आणि चिठ्ठी भिजवून काढून टाकली.

मीटिंगमधले साहेब यावर म्हणतील, "अहो, आम्ही व्यस्तच वापरलं ना! माणसं वाढली, दिवस घटले." बरोबर, चिठ्ठीतली एक ओळ त्यांनी वाचली आहे. पण व्यस्त त्रैराशिक हे चौथऱ्यावर विटा रचणाऱ्या गवंड्यांना लागू होतं, आणि तेही चौथरा लांबलचक असेल तर. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात एक नियम सांगितला: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. कारण सरळ आहे. नव्याला शिकवायला जुना लागतो, म्हणजे जो काम करत होता तोही थांबला. आणि माणसं वाढली की कामापेक्षा बोलणं वेगाने वाढतं. चार माणसांत बोलणाऱ्या जोड्या सहा. बारांत ६६. चोवीसांत २७६. त्या उत्साही जिवाच्या ७२० माणसांत २,५८,८४० जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला वाटतं की बाकीच्या २,५८,८३९ जोड्यांना हे कळवायला हवं. बारा माणसं एकत्र आल्यावर कामाचं काय होतं यासाठी मराठीत 'बारभाईंचा कारभार' हा शब्द सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासून आहे. नऊ बायका मिळून एका महिन्यात बाळ आणू शकत नाहीत, हे ब्रूक्स यांचं बोलणं तर महापेतल्या प्रत्येक साहेबाला पाठ आहे. ते सांगून खोलीत हशा पिकला की साहेब समाधानाने फळ्याकडे वळतात आणि पुन्हा फुली मारतात.

ऑफिसातून बाहेर पडलं म्हणून त्रैराशिक सुटत नाही. महापेला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. घणसोली किंवा कोपरखैरणे गाठावं लागतं, आणि त्यासाठी रिक्षा. मुंबई महानगरात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. आता शाळेत पहिला आलेला माणूस काय करेल? "दीड किलोमीटरला सव्वीस, तर अर्ध्या किलोमीटरला आठ रुपये सदुसष्ट पैसे," असं तो म्हणेल. रिक्षावाला शांतपणे म्हणेल, "मग रिक्षाही एक तृतीयांशच घ्या, मागचं चाक चालेल का?" किमान भाडं म्हणजे त्रैराशिकाला दारातच घातलेला अडसर: इथून पुढे प्रमाणात, इथवर हातचं राखून. वेळेचं तर आणखी अवघड. अर्धं अंतर दहा मिनिटांत काटलं की मागे बसलेला माणूस घरी फोन करून सांगतो, "दहा मिनिटांत पोचतो." तिरकस गुणाकाराने हे तंतोतंत बरोबर आहे. मग ठाणे-बेलापूर रस्त्यावर सगळ्या एमआयडीसीची सुट्टी एकदम होते. वीस मिनिटांनी तो पुन्हा सांगतो, "दहा मिनिटांत." चाळीस मिनिटांनीही तेच. मराठी माणसाच्या फोनमध्ये 'दहा मिनिटं' ही राशी अंतर, वेग, वाहतूक, पाऊस या कशाच्याही प्रमाणात बदलत नाही. विज्ञानात प्रकाशाच्या वेगाला जो मान आहे तो घरच्यांनी या दहा मिनिटांना द्यायला हरकत नाही.

घरी पोचल्यावर स्वयंपाकघर असतंच. एक वाटी तांदळाला तीन शिट्ट्या, तर सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेल्या पाहुण्यांसाठी वीस वाट्यांना किती? साठ. "साठ शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," असं कोणी कोणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही. सांगितलं तर शेजाऱ्यांना इमारतीखालून मालगाडी चालल्यासारखं वाटेल. पाण्याचंही तसंच. मोठ्या पातेल्यातलं पाणी वरच्या तोंडातून वाफ होऊन जातं, आणि पातेल्याचं तोंड तांदळाच्या वाट्यांच्या हिशेबात रुंद होत नाही. म्हणून पंगतीचा आचारी वाट्या मोजत बसत नाही, बोट बुडवून बघतो. त्याला आपण 'अंदाजपंचे' म्हणून हसतो, पण त्याच्या बोटात जे आहे त्यालाच जुनी मंडळी प्रमाण म्हणत. पाककृतीच्या पुस्तकांत पीठ, साखर, तूप सगळं मापाने दिल्यावर शेवटी 'मीठ चवीनुसार' असं लिहिलेलं असतं. मराठी गद्यातलं हे गणिती दृष्ट्या सर्वांत प्रामाणिक वाक्य असावं. त्याचा अर्थ असा की इथपर्यंत गुणाकार चालला, इथून पुढे तुमची जीभ जाणो. ही प्रामाणिकता शास्त्रज्ञांनाही नेहमी साधत नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीला एलएसडी टोचलं गेलं. मांजर किती सहन करतं ते माहीत होतं, हत्तीचं वजन माहीत होतं. वजनाच्या प्रमाणात गुणून मात्रा आली २९७ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत हत्ती कोसळला, आणि तो वाचला नाही. हत्ती म्हणजे खूप मांजरांची गोळाबेरीज नव्हे, हे कळायला हत्ती जावा लागला. त्यामानाने आपली भाजी खारट होण्यावर निभावतं, हे थोडकं नाही.

ही चूक अडाणीपणाची आहे असं कोणी समजू नये. ती शिकून येते. बेल्जियममधल्या लोवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना विचारलं की तीन टॉवेल दोरीवर बारा तासांत वाळतात, तर सहा टॉवेल किती तासांत वाळतील? पुष्कळ मुलांनी 'चोवीस' असं उत्तर दिलं. गंमत पुढे आहे. ज्या वर्गांत प्रमाणाची गणितं शिकवायला सुरुवात होते, त्या वर्गांपर्यंत असली उत्तरं कमी न होता वाढत जातात. लहान पोरगं दोरीकडे बघतं, थोरलं पोरगं आकड्यांकडे. हाच प्रश्न जुलै महिन्यात नवी मुंबईत विचारला तर तीन काय आणि सहा काय, उत्तर 'गणपतीपर्यंत' असंच येईल, आणि तेच बरोबर. आपल्या पुस्तकांतही 'सर्व मजूर सारख्याच गतीने काम करतात असे मानू' हे वाक्य असायचं. ते वाचून कोणी हसत नसे, यावरून गणिताच्या तासाला मुलं किती घाबरून बसत ते दिसतं. सारख्याच गतीने काम करणारे मजूर, कधीच न बुजणारे नळ, वाटेत कुठेही चहाला न थांबणारी आगगाडी: या स्वर्गात त्रैराशिक हा राजा आहे. मुलं मोठी होऊन तो राजा बरोबर घेऊन महापेला येतात आणि स्वर्ग मागेच राहतो.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. त्रैराशिक नसेल तर जग चालेल कसं? खरंच चालणार नाही. ज्या काचेच्या इमारतीत ती फुली मारली जाते, तिच्या पायातलं काँक्रीट सिमेंट, वाळू, खडी यांच्या ठरलेल्या प्रमाणातच कालवलेलं असतं, आणि ते एका घमेल्याला लागू तसंच हजार घमेल्यांनाही. नकाशावर ५०,०००ला १ असं माप असलं की दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, मग ते पारसिकच्या डोंगरात असो की सपाटीला. डॉलरचे रुपये, इंचाचे सेंटिमीटर, शिंप्याचं कापड, सोनाराचा तोळा, सगळीकडे बिनबोभाट चालतं. अब्राहम लिंकन यांनी स्वतःच्या शिक्षणाबद्दल लिहिताना वाचणं, लिहिणं आणि त्रैराशिकापर्यंतचा हिशेब येत होता, बाकी काही नाही, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे, आणि तेवढ्यावर ते राष्ट्राध्यक्ष झाले. प्रस्तुत लेखकाचं गणितही त्रैराशिकापाशीच थांबलेलं आहे, हे वाचकाच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. एवढ्यावर लिंकन तिथवर गेले तर लेखक कुठवर जाईल, हे मात्र तिरकस गुणाकाराने काढू नये. मुद्दा असा की काँक्रीटचं प्रमाण कोणीतरी आधी चाचणी घेऊन तपासलेलं असतं. चार माणसं सहा महिने हे प्रमाण कोणी तपासलं? त्या चारांतला एक रजेवर होता, एक नोकरी सोडायच्या बेतात होता, आणि सगळं काम एकट्या तिसऱ्यानेच केलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त मुरब्बी असतो. "अहो, हा नुसता अंदाज असतो. कोणी अक्षरशः धरत नाही." असं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता. अंदाजाचा प्रवास असा: फळ्यावर असतो तेव्हा तो 'साधारण दोन महिने' असतो. फळ्याचा फोटो निघाला की 'साधारण' चौकटीबाहेर राहतं. एक्सेलच्या रकान्यात उतरला की दोन महिन्यांचे साठ दिवस होतात. गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये तो तारीख होतो. तिथून परत येतो तेव्हा त्याला 'तुम्हीच दिलेला शब्द' म्हणतात. एकाही टप्प्यावर कोणी खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने पुढच्याला आधीचाच आकडा थोडा इस्त्री करून दिलेला असतो. दोन दशांश स्थळांपर्यंत आलेलं उत्तर बघून माणसाला जो धीर येतो तो देवळातही येत नाही. 'साडेपाच-सहा महिने' म्हणणारा माणूस गोंधळलेला वाटतो, '५.६७ महिने' म्हणणारा बढतीला पात्र ठरतो, मग त्याने भागलेलं प्रमाण बसल्या जागी मनात आलेलं का असेना.

तिसरा आक्षेप सर्वांत सुसंस्कृत: "माणसाला कळतं हो, कुठे लावायचं आणि कुठे नाही." हे मात्र शंभर टक्के मान्य. किंबहुना माणसाला ते फारच चांगलं कळतं. पुरावा हवा असेल तर घणसोली-कोपरखैरण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला जावं आणि मेंटेनन्सचा विषय निघेपर्यंत वडा खात थांबावं. तीन खोल्यांचे मालक म्हणतात, "घरटी सारखा घ्या. जिना सगळ्यांचा एकच आहे." एका खोलीचे मालक म्हणतात, "चौरस फुटावर घ्या. जागेच्या प्रमाणात." तळमजल्याचे काका लिफ्टच्या खर्चावर मजल्यांचं त्रैराशिक मांडतात, ज्यात त्यांचा मजला शून्य असल्यामुळे इच्छाफलही शून्य येतं. पाण्यावर माणसं मोजायची की नळ, यावर रात्रीचे दहा वाजतात. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनी हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला आहे: सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च घरटी सारखा, पाणी नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर. म्हणजे काही सम प्रमाणात, काही प्रमाणाशिवाय, जसा विषय तसं. पण हे वाचून दाखवणाऱ्या सेक्रेटरीवर तिन्ही पक्ष एकदम तुटून पडतात, कारण प्रत्येकाला आपल्या सोयीचं एकच कलम हवं असतं. दुसऱ्याने द्यायचं असेल तेव्हा आपण सम प्रमाणवाले, आपण द्यायचं असेल तेव्हा घरटीवाले, आणि दोन्हीत तोटा दिसला की 'माणुसकीने बघा'वाले. तेव्हा गणित येत नाही ही तक्रारच खोटी. इच्छा आधी ठरते, तिला शोभेल असं प्रमाण मागाहून शोधून आणलं जातं. भास्कराचार्यांनी तिसऱ्या स्थानावर बसवलेली इच्छा आपण उचलून पहिल्या स्थानावर बसवली, एवढाच मधल्या साडेआठशे वर्षांतला फरक.

यावर उपाय आहे, आणि तो जुन्या प्राथमिक शाळेतच आहे. त्याचं नाव एकमान पद्धत. तिरकस गुणाकार वेगवान म्हणून आपण ती बालिश ठरवली. पण तिच्यात एक पायरी अशी आहे की तिथे माणसाला थांबावंच लागतं: 'एकाला किती?' बारा माणसांना दोन महिने हे सहज बोलून जातं. एका माणसाला चोवीस महिने म्हटलं की लगेच कोणीतरी विचारतं, कोणत्या माणसाला? तो टिकेल का चोवीस महिने? एका टॉवेलला चार तास म्हणताना टॉवेल डोळ्यांसमोर येतो आणि आपल्यालाच हसू येतं. फुलीत मात्र एक माणूस दिसत नाही, एक शिट्टी दिसत नाही, एक टॉवेल दिसत नाही. फक्त दोन तिरप्या रेघा आणि त्यांच्या टोकाला लटकलेली आपली इच्छा. अर्थात ही पद्धत मीटिंगमध्ये कोणी सुचवणार नाही. पद्धत जितकी संथ तितकं सत्य लवकर बाहेर येतं, आणि सोमवारी सकाळी ते कोणालाच नको असतं.

एवढ्या मोठ्या औद्योगिक वसाहतीत भागाकाराआधी प्रमाण तपासणारा माणूस सापडणार कुठे, असा प्रश्न पडला असेल तर तो नाक्यावर रिक्षा लावून उभा असतो. त्याने लीलावती वाचलेली नसते आणि ब्रूक्सशी त्याचं देणंघेणं नसतं. "घणसोली स्टेशनला किती वेळ लागेल हो?" असं कोणी विचारलं की तो आकडा सांगत नाही. आधी रस्त्याकडे बघतो, मग आभाळाकडे, मग विचारतो, "आत्ता निघताय का साडेसहाला?" आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या मठात एखाद्या गुरुजींनी शिष्याला विचारला असता तोच हा प्रश्न. इच्छा कळली बाळ, प्रमाण कोणतं धरलंस? पण मागच्या सीटवरच्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं. तो एव्हाना घरी फोन लावून मोकळा झालेला असतो: "हो, निघालोच. दहा मिनिटांत पोचतो."